सासूबाईंचे जुलाब आणि आयाबाईंवरचा आळ

पत्र थोडक्यात: वाचक ठाण्यात वर्तकनगरला राहतात. वन बीएचके, एकच संडास, घरात पाच माणसं. ७१ वर्षांच्या सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हॉस्पिटलात असताना लघवीत इन्फेक्शन निघालं म्हणून सलाईनमधून अँटिबायोटिक दिलं गेलं, घरी सोडताना आणखी गोळ्या दिल्या. घरी आल्यावर चार-पाच दिवसांत त्यांना जुलाब लागले, दिवसाला सात-आठ वेळा. केमिस्टने जुलाब थांबवायची गोळी दिली, ती दोन दिवस चालली. मग शौचाच्या तपासणीत 'सी. डिफ' नावाचा जंतू सापडला. डॉक्टरांनी व्हॅन्कोमायसिनची इंजेक्शनची कुपी लिहून दिली आणि ती पाण्यात कालवून पाजायला सांगितली. केमिस्ट म्हणतो, हे शिरेतून द्यायचं औषध आहे, काहीतरी घोटाळा झालाय. नणंदेचं म्हणणं, रात्रीच्या आयाबाईंच्या हातून हे घरात आलं, त्यांना आधी काढा. आयाबाईंना आजाराचं नाव कुणी सांगितलेलं नाही, कारण त्या घाबरून काम सोडतील ही धास्ती. सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय. वाचक विचारतात: आयाबाईंना काढू का? नातवाला आजीजवळ जाऊ देऊ का? आणि सासऱ्यांना हे होऊ नये म्हणून डॉक्टरांना आधीपासूनच स्ट्राँग अँटिबायोटिक सुरू करायला सांगू का?

ताई,

आधी औषधाचं, कारण ते थांबता कामा नये. केमिस्टला शंका आली यात त्याचं चुकलं नाही, पण डॉक्टरांनी दिलंय ते बरोबर आहे. व्हॅन्कोमायसिन तोंडाने घेतलं तर आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलं जात नाही, मोठ्या आतड्यातच राहतं, आणि आत्ता ते तिथेच हवंय. शिरेतून दिलं तर उलट आतड्याच्या आत पुरेसं पोचत नाही, म्हणजे या आजारावर उपयोग शून्य. कॅप्सूल मिळाली नाही किंवा परवडली नाही की कुपीतली पावडर कालवून तोंडाने देतात, ही जुनी आणि मान्य पद्धत आहे. नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, १० दिवस. एका कुपीतून किती डोस होतात, कालवलेलं औषध फ्रिजमध्ये किती वेळ चालतं, हे डॉक्टरांकडून किंवा त्यांच्या सिस्टरकडून कागदावर लिहून घ्या. चव कडवट असते, थोड्या सरबतात दिलं तर चालेल का हेही विचारून ठेवा.

आणि ती जुलाब थांबवायची गोळी पुन्हा देऊ नका. साध्या प्रवासातल्या जुलाबाला ती चालून जाते. इथे आतड्यात जंतूचं विष आहे. आतड्याची हालचालच थांबवली तर ते विष आत कोंडून राहतं. तुम्ही दिलीत ती आईंचे हाल बघवेनात म्हणून, त्याचा अपराध मनाला लावून घेऊ नका. पण घरातली उरलेली स्ट्रिप बाजूला काढून ठेवा, नाहीतर रात्री दोन वाजता कुणीतरी पुन्हा देईल.

आता आयाबाईंकडे येते. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त ओळी त्यांच्यावर आहेत आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय तेही त्यांच्याबद्दलच.

मी नोकरीची बरीच वर्षं हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोलचं काम बघितलं. घरात किंवा वॉर्डात जुलाब सुरू झाले की पहिला प्रश्न नेहमी 'कुणी आणलं?' हाच येतो, आणि बोट नेहमी सगळ्यात कमी पगाराच्या माणसाकडे वळतं. मामा, मावशी, आया. त्या बाईंचे हात सगळ्यात जास्त घाणीत जातात, म्हणून घाण त्यांच्याचमुळे आली असं वाटायला लागतं. तुमच्या नणंदेला आईची काळजी आहे, हे मला कळतं. पण हा जंतू असा वागत नाही.

सी. डिफचं पूर्ण नाव क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल. २०१६ पर्यंत त्याला क्लॉस्ट्रिडियम म्हणत, त्यामुळे रिपोर्टवर यातलं कुठलंही नाव दिसलं तरी गोंधळू नका. १९३५ मध्ये तो पहिल्यांदा सापडला तो धडधाकट तान्ह्या बाळांच्या शीमध्ये. बाळं ठणठणीत आणि जंतू पोटात! मोठ्या माणसांमध्येही काहींच्या आतड्यात तो काहीच त्रास न देता राहतो. अँटिबायोटिकनंतर होणाऱ्या आतड्याच्या सुजेमागे हाच जंतू आहे हे कळायला १९७८ साल उजाडलं. म्हणजे नुसता जंतू पोटात जाणं पुरेसं नसतं. आतड्यातले बाकीचे असंख्य निरुपद्रवी जंतू त्याला एरवी वाढू देत नाहीत. अँटिबायोटिक लघवीतला जंतू मारायला दिलं तरी ते आतड्यातल्या या रहिवाशांनाही मारतं. सी. डिफचे बीजाणू, म्हणजे त्या जंतूचं झोपी गेलेलं टणक रूप, मात्र कवचात सुरक्षित बसलेले असतात. त्यांना मोकळं रान मिळतं, ते फुटतात, वाढतात आणि विष सोडतात.

आईंच्या बाबतीत बघा: वय ६५ च्या वर, हॉस्पिटलातला मुक्काम, ऑपरेशन, एकामागून एक दोन अँटिबायोटिक्स, आणि बहुतेक सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळीही चालू असेल. यातलं काहीही आयाबाईंनी केलेलं नाही. बीजाणू हॉस्पिटलात पोटात गेले की आधीपासूनच आतड्यात होते, हे आता कुणीही सांगू शकणार नाही. अँटिबायोटिकनंतर हा आजार लगेच उठतो असंही नाही. पहिल्या महिन्यात धोका जास्त असतो आणि दोन-तीन महिन्यांपर्यंत तो राहतो.

याचा अर्थ ते अँटिबायोटिक चुकीचं होतं असाही काढू नका. खुब्याच्या ऑपरेशननंतर लघवीचं खरं इन्फेक्शन झालं तर औषध द्यावंच लागतं. फक्त घरी सोडताना दिलेल्या गोळ्या कशासाठी होत्या, त्या अजून चालू आहेत का, हे आजच डॉक्टरांना विचारा. गरज संपली असेल तर ते थांबवतील, आणि ते थांबणं हा उपचाराचाच भाग आहे. ॲसिडिटीच्या गोळीचंही तसंच. ती या आजाराला हातभार लावते असं दिसलेलं आहे, पण वेदनाशामक किंवा रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर तिची गरजही असू शकते. म्हणून आपल्या मनाने काही बंद करू नका.

तर आयाबाईंना काढू नका. उलट आज संध्याकाळी त्या आल्या की चहा देऊन समोर बसवा आणि आजाराचं नाव सांगा. ताई, हे मी आग्रहाने म्हणतेय. ज्या बाई रात्रभर आईंचं भांडं उचलतात, डायपर बदलतात, त्यांना कशाला हात लावतोय हे माहीत असायला हवं. तो त्यांचा हक्क आहे आणि त्यांच्याही घरी म्हातारी माणसं असतील. घाबरून सोडून जातील ही तुमची भीती मी समजू शकते. पण मी पाहिलंय ते असं, की बायका आजाराला घाबरून जात नाहीत, लपवलेलं नंतर कळलं की जातात. त्यांना सांगा: धडधाकट माणसाला, जो अँटिबायोटिक घेत नाही, त्याला हा आजार होण्याचा धोका कमी आहे. हातमोजे घरात आणून ठेवा, एक ॲप्रन किंवा जुना गाऊन त्यांच्यासाठी वेगळा ठेवा, तो तुमच्याच घरी धुवा. मोजे काढल्यावरही हात साबणाने धुवायचे, सकाळी घरी निघताना कोपरापर्यंत धुवायचे. त्यांना स्वतःला अलीकडे अँटिबायोटिक चालू असेल किंवा पोट बिघडलं असेल तर मोकळेपणाने सांगता येईल, रजेचे पैसे कापले जाणार नाहीत, एवढा भरवसा द्या. आया ब्युरोमार्फत आल्या असतील तर ब्युरोलाही तुम्हीच फोन करा, म्हणजे बोलणी त्यांना खावी लागणार नाहीत.

नणंदेशी बोलताना 'तुमचं चुकतंय' असं म्हणू नका. 'डॉक्टरांना विचारलं, अँटिबायोटिकमुळे होतं म्हणाले' एवढंच सांगा आणि त्यांना एक काम द्या. लांब राहणाऱ्या लेकीला हाताला काम नसलं की ती काळजी अशी आरोपातून बाहेर पडते. पुढच्या तपासणीला आईंबरोबर त्यांना पाठवा.

आता सॅनिटायझर. पत्रात लिहिलंय की दाराशी, पलंगाशी, स्वयंपाकघरात बाटल्या ठेवल्यात. कोविडने आपल्याला ती सवय लावली आणि विषाणूंसाठी ती चांगलीच आहे. या जंतूच्या बीजाणूंवर मात्र अल्कोहोल चालत नाही. बीजाणू हातावरून निघतात ते साबण लावून चोळल्याने आणि वाहत्या पाण्याने. बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठ्याचं मूळ, मनगट. अंगठी-बांगड्या काढून. आपल्याकडे पाणी पुरवणाऱ्या 'स्टेम' कंपनीचा शटडाऊन असला की नळ कोरडा पडतो आणि नेमकं तेव्हाच हात धुण्यात हयगय होते. त्यासाठी झाकणाची बादली आणि लांब दांड्याचं वगराळं वेगळं ठेवा. एकाने पाणी ओतायचं, दुसऱ्याने हात धुवायचे. बादलीत हात बुडवायचे नाहीत.

संडास एकच आहे, त्यामुळे लक्ष तिथे हवं. आई भांड्यात किंवा कमोड खुर्चीवर जात असतील तर भांडं संडासात रिकामं करून तिथेच धुवायचं, मोरीत किंवा बेसिनमध्ये नाही. झाकण असेल तर ते लावून फ्लश करा. फिनाईलचा वास स्वच्छ वाटतो, पण फिनाईलने हे बीजाणू मरत नाहीत. त्यासाठी ब्लीच लागतं. बाजारात मिळणारं साधारण ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, त्याचा एक भाग आणि पाणी नऊ भाग, रोज ताजं बनवायचं. आधी साबणाच्या पाण्याने घाण पुसून काढा, मग हे पाणी लावून दहा मिनिटं राहू द्या, मग धुवा. बसायची सीट, फ्लशचं बटण, नळ, जेट स्प्रे, दाराची कडी, कमोड खुर्चीचे हात, वॉकरच्या मुठी. शेवटच्या दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. खिडकी उघडी ठेवा आणि हे ब्लीच संडास घासायच्या ॲसिडबरोबर कधीही मिसळू नका, एकामागून एकही टाकू नका. त्यातून विषारी वायू निघतो. छोट्या बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो.

आईंच्या चादरी आणि गाऊन वेगळे, रंग टिकेल तेवढ्या गरम पाण्यात धुवा आणि उन्हात वाळवा. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. नेहमीच्या साबणाने घासली की पुरे. हे मुद्दाम लिहितेय, कारण वेगळं ताट म्हाताऱ्या माणसाच्या मनाला फार लागतं.

नातवाला आजीजवळ जाऊ द्या. त्याने पलंगाशी बसावं, गोष्ट ऐकावी, उठल्यावर साबणाने हात धुवावेत. आजीच्या उष्ट्यातलं खाऊ नये आणि संडास वापरायच्या आधी कुणीतरी सीट पुसून द्यावी, एवढं सांभाळलं की झालं. जुलाब थांबून ४८ तास झाले की हे जास्तीचं सोवळं हळूहळू सैल करता येईल.

आईंच्या पोटात काय जातंय यापेक्षा काय बाहेर जातंय तिकडे लक्ष ठेवा. ओआरएसचं पाकीट ज्या मापासाठी आहे त्याच मापात कालवायचं, मोठं पाकीट असेल तर एक लिटर पाण्यात, अर्धं-पाऊण ग्लासात घट्ट करून नाही. खोक्यातली गोड पेयं त्या जागी देऊ नका. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर दिवसभरात पाणी किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. बीपीची किंवा लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर जुलाबाबद्दल सांगून तिचं काय करायचं तेही विचारा, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तीच गोळी किडनीला जड जाते. खायला पेज, मऊ भात, वरण, शिजवलेलं केळं, जे रुचेल ते. दूध काही दिवस बाजूला ठेवून बघा. ताक-दही चालेल, पण ते औषध समजू नका. प्रोबायोटिकच्या महागड्या कॅप्सूल या आजारात उपयोगी पडतात असं खात्रीने म्हणावं इतका पुरावा नाही, तेव्हा कर्ज काढून त्या आणू नका.

दुसरं कुणी हे वाचून आपल्या घरच्या माणसाचा विचार करत असेल, तर त्यांच्यासाठीही एक गोष्ट. ऑपरेशननंतरचा प्रत्येक जुलाब सी. डिफचा नसतो. डिस्चार्जच्या कागदावर शौचाला साफ होण्याचं सिरप लिहिलेलं असतं आणि जुलाब लागले तरी कुणीतरी ते चमचा-चमचा देत राहतं. हे मी कितीदा तरी पाहिलंय! पित्ताशय काढल्यावर काहींना पातळ होतं, मधुमेहाच्या मेटफॉर्मिननेही होतं, पावसाळ्यात दूषित पाण्याने होतं. म्हणून २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ झालं आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत अँटिबायोटिक झालेलं असेल, तर आधी औषधांचा कागद तपासा आणि मग डॉक्टरांना सांगून तपासणी करा. तपासणी पातळ शौचाचीच करायची असते. घट्ट होत असेल तर ती करण्यात अर्थ नाही.

उशीर करायचा नाही अशी लक्षणंही सांगते. ताप चढणं, शौचात रक्त, लघवी फारच कमी, आई एकदम गोंधळल्यासारखं बोलायला लागणं, बीपी खाली जाणं. आणि एक फसवं लक्षण: जुलाब अचानक थांबतात, घरच्यांना हायसं वाटतं, पण पोट फुगून ताठ झालेलं असतं. हे बरं होणं नाही. आतडं लुळं पडलेलं असू शकतं आणि अशा वेळी कधी कधी पोटाचं ऑपरेशन करावं लागतं. सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टीत घेऊन जा. पोटाचंच ऑपरेशन झालेल्या रुग्णांत हे ओळखणं आणखी अवघड असतं, कारण पोट फुगणं ऑपरेशनमुळेच आहे असं सगळ्यांना वाटतं.

आता सासऱ्यांचा प्रश्न. 'स्ट्राँग अँटिबायोटिक आधीपासून' ही कल्पना प्रेमातून आलीय, पण तीच त्यांना आईंच्या वाटेवर नेईल. हर्नियाच्या ऑपरेशनला, जाळी बसवायची असेल तर, सहसा भूल दिल्यावर चिरा देण्याआधी साधारण तासाभराच्या आत एक डोस देतात. जखमेत जंतू वाढू नयेत म्हणून चिरा पडताना औषध रक्तात हवं असतं. ऑपरेशन नीट पार पडल्यावर निव्वळ खबरदारी म्हणून पुढे पाच-सात दिवस गोळ्या चालू ठेवू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितलंय. त्याने जखम जास्त सुरक्षित होत नाही. आतड्यातलं संरक्षण मात्र जातं. जितकी अँटिबायोटिक्स जास्त, जितके दिवस जास्त, तितका सी. डिफचा धोका जास्त.

आपल्याकडे डिस्चार्जला गोळ्या मिळाल्या नाहीत तर 'डॉक्टरांनी काही दिलंच नाही' असं नातेवाईक म्हणतात, आणि त्या दबावाने अनेक डॉक्टर लिहून देतात. तुम्ही हा दबाव काढून घेऊ शकता. सर्जनना भेटाल तेव्हा सरळ विचारा: 'एका डोसने भागणार आहे का? पुढे गोळ्या लागल्या तर कशासाठी आणि किती दिवस?' उत्तर देताना चांगला सर्जन चिडणार नाही. खरंच इन्फेक्शन झालं तर मात्र औषध पूर्ण आणि वेळेवर घ्यायचं, सी. डिफच्या भीतीने ते टाळायचं नाही.

ऑपरेशन पुढे ढकलायचं का, हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ ठरवतील, पण घरात सी. डिफचा रुग्ण आहे हे त्यांना सांगितल्याशिवाय नाही. सासऱ्यांना जुलाब नसतील तर त्यांची तपासणी किंवा 'खबरदारीचं औषध' दोन्हीची गरज नाही. ऑपरेशनच्या आधी त्यांचं पोट बिघडलं, तर तातडीचं नसलेलं हे ऑपरेशन थोडं थांबू शकतं. शिवाय घरात दोन रुग्ण आणि एक संडास असताना तुमच्याच्याने किती होणार आहे, हाही तारीख बदलायचा पुरेसा मोठा मुद्दा आहे. तो मांडायला संकोच करू नका.

आईंना बहुतेक तीन ते पाच दिवसांत उतार पडायला लागेल. नाही पडला तर डॉक्टरांना कळवा. बरं वाटलं तरी १० दिवसांचा कोर्स पुरा करा. नंतर 'जंतू गेला का' म्हणून पुन्हा शौच तपासू नका. बरं झाल्यावरही तो रिपोर्ट बरेच दिवस पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि उगाच घबराट होते. पण जुलाब पुन्हा लागले तर दुर्लक्ष करू नका. साधारण पाचांपैकी एकाला हा आजार उलटतो, बहुधा पहिल्या दोन महिन्यांत. त्यावरही उपचार आहेत.

आईंच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'सी. डिफ झाला होता' असं महिना आणि वर्षासह लिहून ठेवा. दातांचे डॉक्टर असोत की गल्लीतला फॅमिली डॉक्टर, कुणीही अँटिबायोटिक लिहायला पेन उचललं की ते पान आधी पुढे करा. आणि स्ट्रिपवर उभी लाल रेघ असलेली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही अशी, उरलेली गोळी घरात कुणालाही, सर्दीलाही, देऊ नका.